रोमन स्नानगृहांचे अवशेष बघायचेत? आधी चूल शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी रोममधली सम्राट काराकाल्लाची स्नानगृहं बघितली. उंच विटांच्या भिंती, दोन-चार ठिकाणी जमिनीवरची नक्षी, बाकी मोकळं मैदान. पाऊण तासात बाहेर पडलो. आता मे महिन्यात आईवडील आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन रोम आणि नेपल्सला जायचंय. नेपल्सजवळच्या पोम्पेई या प्राचीन शहरातही स्नानगृहं आहेत असं कळलं. पुन्हा तेच बघायचं का? आणि बघायचं तर त्यात बघायचं काय?

जरूर बघा, फक्त क्रम उलटा करा. काराकाल्ला हे सगळ्यात शेवटी बघायचं ठिकाण आहे आणि बहुतेक सहलींमध्ये तेच पहिलं आणि एकमेव असतं. तिथे सगळं प्रचंड आहे, पण स्नानगृह चालायचं कसं हे सांगणारे भाग एकतर पडलेत, नाहीतर जमिनीखाली आहेत. मी पुण्यात पुरातत्त्व शिकले आणि गेली अठरा वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट इटलीत घेऊन जाते. सुरुवातीला मीही गटाला थेट काराकाल्लाला न्यायचे. लोक भिंतींकडे मान वर करून बघायचे, फोटो काढायचे आणि सावली शोधायचे. मग मी आधी पोम्पेई, मग नेपल्सचं संग्रहालय, मग रोम असं करू लागले आणि तीच माणसं काराकाल्लात दोन-दोन तास रमू लागली.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. अवशेषांत शिरल्यावर तळं कुठे, मूर्ती कुठे हे विचारू नका. आग कुठे पेटायची ते विचारा. चूल सापडली की उरलेलं स्नानगृह आपोआप उलगडतं.

चूल हा शब्द मी विचार करून वापरतेय. जुन्या स्वयंपाकघरातली चूल आणि वैल आठवा, किंवा मुलीला ते आजीकडून ऐकू द्या. जाळ चुलीत असतो. वैलाखाली वेगळं लाकूड कोणी घालत नाही; चुलीतली आच आतल्या आत तिकडे वळते आणि त्या उरलेल्या आचेवर दूध कोमट राहतं. रोमन स्नानगृह ही दालनांएवढी मोठी चूल-वैल आहे. भट्टीच्या अगदी लगतचं दालन कढत, ते कॅल्डेरियम. त्याच्या पलीकडचं, उरलेल्या आचेवरचं कोमट दालन टेपिडेरियम. जिथे आच पोचत नाही ते थंड पाण्याचं फ्रिजिडेरियम. लॅटिन नावं पाठ नसली तरी चालेल. भट्टीकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोर कढत, कोमट, थंड असं मोजत जायचं.

ही आच जायची जमिनीखालून. पोकळ जमिनीच्या या योजनेला हायपोकॉस्ट म्हणतात. साधारण २० सेंटिमीटर चौरस विटा एकावर एक रचून बुटके खांब उभे करायचे, त्यांच्यावर ६० सेंटिमीटरच्या मोठ्या चौकोनी विटा टाकायच्या, वर चुन्याचा जाड गिलावा आणि त्यावर मोझेइक, म्हणजे बारीक दगडी तुकड्यांची नक्षी, किंवा संगमरवर. भट्टीतला धूर आणि गरम हवा या खांबांमधून फिरायची, मग भिंतीत बसवलेल्या पोकळ कौलांमधून वर चढून छताकडे बाहेर पडायची. म्हणजे पायाखालची जमीन तापलेली, पाठीमागची भिंतही तापलेली. उघड्या पायांना चटके बसू नयेत म्हणून लोक लाकडी तळव्याच्या चपला घालत. वास्तुविशारद विट्रुव्हियसने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात याची मापं लिहून ठेवली आहेत. खांब दोन फूट उंच असावेत आणि खालची जमीन भट्टीकडे अशी उतरती असावी की आत टाकलेला चेंडू गडगडत भट्टीच्या तोंडाशी परत यावा, असं तो सांगतो. त्या उतारामुळे आच आतल्या बाजूला सहज पसरते, हे त्याने दिलेलं कारण. मुलीला हे सांगून ठेवा. बारा वर्षांच्या मुलांना चेंडू बरोबर लक्षात राहतो.

त्या गिलाव्याकडे वाकून बघायला विसरू नका. रंग गुलाबीसर दिसेल आणि आत विटांचे बारीक तुकडे दिसतील. ही आपली सुरखी. चुन्यात विटेची भुकटी मिसळली की गिलाव्यातून पाणी झिरपत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आणि हौदांच्या गवंड्यांनाही ठाऊक होती. भग्न अवशेषात गुलाबी गिलावा आणि कोपऱ्यांत गोलाई दिसली, तर तिथे पाणी साठत होतं असं बहुतेक वेळा खात्रीनं म्हणता येतं. हौदाच्या काठावर पांढरट, खडबडीत थर दिसतो तो पाण्यातल्या क्षाराचा. बोअरच्या पाण्याच्या बादलीवर चढतो तसाच.

आता पोम्पेई. तिथे स्ताबियन स्नानगृहांपासून सुरुवात करा. ही शहरातली सर्वांत जुनी सार्वजनिक स्नानगृहं, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली. तेव्हा पोम्पेई रोमची वसाहतही नव्हती, गावात ऑस्कन भाषा चालायची. इथे सापडलेल्या सूर्यघड्याळावर त्याच भाषेत लेख आहे की ते दंडाच्या रकमेतून बसवलं. नगरपालिकेनं दंड वसूल करून लोकांच्या अंघोळीची वेळ बघायला घड्याळ लावलं, हे मला फार आवडतं.

आत शिरल्यावर आधी मोठं अंगण लागेल. हे व्यायामाचं. तिथून पुरुषांच्या बाजूला वळा. कपडे काढायच्या दालनात भिंतीत कोनाडे आहेत आणि वर छतावर चुन्यातलं नाजूक उठावकाम अजून टिकलंय. शेजारचं गोल थंड दालन छोटं आहे. त्याच्या घुमटाला निळ्या आकाशाचा आणि ताऱ्यांचा रंग होता, भिंतींवर बाग रंगवलेली होती. पण तुम्ही वेळ द्या तो स्त्रियांच्या बाजूला. तिथल्या कढत दालनात जमिनीखालची पोकळी आणि भिंतीतली पोकळी दोन्ही डोळ्यांना दिसतात. खाली वाका, कठड्याच्या बाहेरूनच, आणि त्या बुटक्या खांबांच्या रांगा आत अंधारात कुठवर जातात ते बघा. एरवी लोक याला धान्याचं कोठार समजून पुढे जातात.

मग भट्टी. ती स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या कढत दालनांच्या मधोमध आहे, म्हणजे एकाच जाळावर दोन्ही बाजू तापत. तिथे पाण्याच्या तीन हंड्यांच्या जागा आहेत. एक जाळावर, दुसरा त्याच्या पलीकडे, तिसरा त्याही पलीकडे. कढत हंड्यातून पाणी काढलं की कोमटातून त्यात भर पडायची, कोमटात थंडातून. थंड पाणी एकदम उकळत्यात पडून आंच मोडत नसे. एका वर्षी आमच्या गटात सांगलीकडच्या एक आजी होत्या, सत्तरी उलटलेल्या. मी तीन हंड्यांचं समजावून सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "अगं, लग्नघरात आम्ही असंच करायचो. चुलाणावर एक हंडा, वैलावर एक, तिसरा भरून बाजूला." पुढचं समजावून सांगायचं काम त्यांनीच केलं. मी त्या दिवसापासून या जागी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलू देते. तुमच्या आईवडिलांनाही इथे सांगण्यासारखं खूप असेल.

हंड्याची गोष्ट निघाली म्हणून एक गोष्ट सांगते, ती पोम्पेईची नाही. पोर्तुगालमध्ये व्हिपास्का नावाच्या रोमन खाणवस्तीत काशाचा एक पत्रा सापडला. त्यावर सम्राट हेड्रियनच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, तिथलं स्नानगृह ठेक्यानं चालवायचे नियम कोरलेले आहेत. स्त्रियांसाठी वेळ पहाटेपासून सातव्या तासापर्यंत, पुरुषांसाठी आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत. स्त्रियांना एक आस, पुरुषांना अर्धा. आस हे तांब्याचं हलकं नाणं; तरीही बायकांना दुप्पट आणि वेळही दिवसातली कामाची. मुलांना आणि सैनिकांना फुकट. ठेकेदारानं दर तीस दिवसांनी हंडे घासून, धुऊन, त्यांना ताजी चरबी चोपडायची, हेही त्यात आहे. स्त्रियांच्या दालनात उभं राहताना मी हा नियम नेहमी सांगते, कारण मग ती बाजू लहान का, तिचं दार बाजूच्या रस्त्याला का, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्यांनी ही भट्टी पेटती ठेवली त्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. बहुतेक गुलाम होते. धुरात, काजळीत, बुटक्या बोळात दिवस काढायचे. अंघोळीला आलेल्यांना ते दिसू नयेत अशीच इमारतीची रचना असायची. भट्टीच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबा ती त्यांच्यासाठी.

स्ताबियननंतर चौकाजवळची स्नानगृहं, फोरम बाथ्स. ती ख्रिस्तपूर्व ८० नंतर लवकरच बांधली. इथे तुम्हाला चूल-वैल जिथे पूर्ण झालेली नाही असं दालन बघायला मिळेल. पुरुषांच्या कोमट दालनात जमिनीखालून आच येतच नव्हती. त्याऐवजी काशाची एक भलीमोठी शेगडी ठेवलेली असायची. ती आणि काशाचे बाक मार्कस निजिडियस व्हॅक्युला नावाच्या गृहस्थानं दान दिले. व्हॅक्युला म्हणजे छोटी गाय; म्हणून त्यानं शेगडीवर गाय बसवून घेतली. देवळातल्या पायरीवर दात्याचं नाव कोरतात, तशी ही त्याची सही. भिंतीतल्या कोनाड्यांच्या मधे खांद्यावर भार घेतलेले मातीचे पुरुष उभे आहेत, ते अवश्य बघा.

पुढच्या कढत दालनात छताकडे बघा. अर्धगोल छताला उभ्या खाचा आहेत. वाफेचं पाणी छताला लागून थेंब थेंब अंगावर पडू नये, खाचेतून भिंतीकडे ओघळावं म्हणून. एका टोकाला मोठं संगमरवरी घंगाळ आहे, लेब्रम. त्याच्या काठावर काशाची अक्षरं जडवलेली आहेत आणि त्यात ते किती रुपयांना पडलं तेही लिहिलंय. अर्थात रुपये नव्हेत, ५,२५० सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. इसवी सन ३-४ मधलं हे काम. कढत दालनात घामाघूम झालेले लोक या घंगाळातलं गार पाणी तोंडावर मारत. हा हिशेब सार्वजनिक वस्तूवर जाहीर लिहिला आहे, हे मुलीला वाचून दाखवा; आकडे लॅटिन अक्षरांत आहेत, पण शोधायला मजा येते.

तिसरं ठिकाण, सेंट्रल बाथ्स. इसवी सन ६२ च्या भूकंपानंतर बांधायला घेतलेली ही स्नानगृहं ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन शहर गाडलं गेलं तेव्हा अपूर्णच होती. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, स्त्रियांसाठी वेगळी बाजू नाही. वेळ असेल तरच जा. नवं सापडणं मात्र अजून थांबलेलं नाही. २०२५ च्या जानेवारीत पोम्पेईच्या नवव्या विभागात एका श्रीमंत घराच्या मेजवानीच्या दालनालगत कढत, कोमट आणि थंड दालनं असलेलं खासगी स्नानगृह मिळालं. पाहुण्यांना जेवणाआधी अंघोळ, ही त्या घराची ऐट.

चौथं, पोर्टा मरीना या दरवाज्याच्या बाहेरची उपनगरी स्नानगृहं. इथे घरच्यांसोबत जाताना आधी कल्पना असलेली बरी. कपडे ठेवायच्या दालनात वरच्या पट्टीवर क्रमांक घातलेल्या पेट्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येक पेटीवर संभोगाचं एक चित्र. आपले कपडे कुठे ठेवले ते लक्षात राहावं म्हणून, असा एक तर्क आहे. बारा वर्षांची मुलगी आणि आजी-आजोबा बरोबर असताना जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी गटाला बाहेरच सांगते आणि ज्यांना नको ते बाहेर सावलीत थांबतात.

कपड्यांचा विषय रोमन लोकांना खरोखर चिंतेचा होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात, रोमन नाव अक्वे सुलिस, गरम झऱ्यात शिशाचे सुमारे १३० छोटे पत्रे मिळाले. त्यावर सुलिस देवीला घातलेले गाऱ्हाणे आहेत आणि त्यांतले बरेचसे चोरीचे, अंघोळ करताना गेलेल्या अंगरख्याचे, वस्त्राचे. ज्यानं नेलं त्याला देवीनं झोप लागू देऊ नये, असे शाप. आपल्याकडे ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात ते ज्यांनी कोकणात ऐकलंय, त्यांना ती भाषा चटकन ओळखू येते. लंडनला नातेवाईक असतील आणि कधी जाणं झालं तर बाथ बघाच. तिथे चूल पृथ्वीच्या पोटात आहे. रोज ११ लाख लिटरहून जास्त पाणी ४६ अंशांनी वर येतं आणि रोमन शिशानं मढवलेल्या मोठ्या हौदात अजून उतरतं. हात मात्र घालू देत नाहीत, पाणी आरोग्याला धोक्याचं आहे.

अशीच जमिनीतली आग वापरलेली जागा नेपल्सच्या पश्चिमेला आहे, बाया. डोंगराच्या उतारावर गरम झरे आणि वाफेची दालनं. वज्रेश्वरी किंवा उन्हवरे बघितलेल्या माणसाला ती कल्पना परकी वाटणार नाही. तिथे मर्क्युरीचं देऊळ म्हणून ओळखली जाणारी वास्तू देऊळ नाही, स्नानगृहाचं दालन आहे. २१ मीटरहून जास्त व्यासाचा काँक्रीटचा घुमट, रोममधल्या पँथिऑन या प्रसिद्ध घुमटाच्या देवळापेक्षा शतकाहून जुना. जमीन खचल्यामुळे आत गुडघाभर पाणी असतं आणि बोललेला शब्द घुमत राहतो. या भागात जमीन वर-खाली होत असते, भूकंपाचे धक्के बसतात, म्हणून जायच्या दिवशी सकाळी उघडं आहे का बघूनच निघा. आईवडिलांना दमणूक होत असेल तर बाया वगळा.

त्यांच्यासाठी मी पोम्पेईपेक्षाही हर्क्युलेनियमची, म्हणजे त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या जवळच्या गावाची, शिफारस करते. गाव लहान, चालणं निम्मं, सावली जास्त. मध्यवर्ती स्नानगृहात स्त्रियांच्या कपड्यांच्या दालनात जमिनीवर ट्रायटनचं काळ्या-पांढऱ्या दगडांचं मोझेइक आहे. शेपटीचा माणूस आणि आजूबाजूला डॉल्फिन, ऑक्टोपस. कपड्यांच्या फळ्या, बसायचे बाक सगळं जागेवर. बाक इतका ओळखीचा वाटतो की मंडळी नकळत बसायला जातात. तिथे बसू नका. समुद्राच्या बाजूची उपनगरी स्नानगृहं क्वचित उघडतात. उघडी असली तर काहीही सोडून जा. तिथे कोळसा झालेल्या लाकडाची दारं अजून चौकटीत उभी आहेत.

आता लोक मला हमखास विचारतात ते: स्वच्छ होतं का हो हे सगळं? आपल्या अर्थानं नव्हतं. आधी अंगाला तेल चोळायचं, घाम येऊ द्यायचा, मग स्ट्रिजिल नावाच्या वाकड्या पट्टीनं तेल, घाम आणि मळ खरवडून काढायचा. साबण अंघोळीला वापरत नसत. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेल लावून उटण्यानं काढतो, त्याच्या जवळ जाणारं आहे, फक्त उटण्याच्या जागी धातूची पट्टी. श्रीमंतांच्या सुगंधी तेलात जटामांसी असे आणि ती भारतातून भडोचसारख्या बंदरातून जहाजानं जायची. पण हौद सगळ्यांचा एकच. सम्राट मार्कस ऑरेलियससारख्या माणसानंही अंघोळीचा विचार करताना तेल, घाम, मळ आणि तेलकट पाणी हेच डोळ्यांपुढे आणलं. तरीही लोक रोज जायचे. ख्रिस्तपूर्व ३३ मध्ये अग्रिप्पा या अधिकाऱ्यानं रोममध्ये १७० स्नानगृहं लोकांना फुकट उघडून दिली. इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या शहराच्या यादीत लहान स्नानगृहांची संख्या ८५६ आहे. घरी ऊब नसलेल्या माणसाला हिवाळ्याच्या दुपारी दोन-तीन तास उबेत बसायला मिळणं, गप्पा मारायला मिळणं, याची ओढ समजण्यासारखी आहे.

पोम्पेई-हर्क्युलेनियमनंतर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात अर्धा दिवस ठेवा आणि तिथे फार्नेसे संग्रहात हर्क्युलिस आणि बैलाचं शिल्प बघा. दोन्ही काराकाल्लाच्या स्नानगृहांत सापडली, १५४० च्या दशकात, पोप तिसरा पॉल फार्नेसे याच्या घराण्यानं केलेल्या खोदकामात. हर्क्युलिस तीन मीटरहून उंच आहे. त्याच्या पायाशी तुमच्या वडिलांना उभं करून फोटो काढा. तो फोटो काराकाल्लात कामाला येईल.

कारण आता रोम. काराकाल्लाची मुख्य इमारत २०० मीटरहून लांब आणि १०० मीटरहून रुंद. २१६ मध्ये ती लोकांसाठी उघडली. फ्रिजिडेरियमच्या मधोमध उभे राहा, फोनवर संग्रहालयातला तो फोटो उघडा आणि तेवढा मोठा हर्क्युलिस इथल्या भिंतींशी ठेवून बघा. तो इथे अवाढव्य वाटत नसे, बेताचा वाटत असे. मग चूल शोधा. कढत दालन नैऋत्येला होतं, गोल, सुमारे ३५ मीटर व्यासाच्या घुमटाखाली. आता त्याचे दोन अजस्र खांबच उभे आहेत. त्याच दिशेला का? लोक दुपारनंतर अंघोळीला यायचे आणि तेव्हाचं ऊन मोठ्या खिडक्यांतून थेट आत यावं म्हणून. म्हणून तुम्हीही दुपारी चारनंतरच जा. त्या खांबांवर कललेलं ऊन पडलं की दिशेचं गणित न सांगता समजतं. भट्ट्या, लाकडाची कोठारं, पाण्याचे नळ सगळं खालच्या बोगद्यांत होतं. त्या बोगद्यांतच मिथ्रस या देवाचं भूमिगत देवस्थानही सापडलं. बोगद्यांचा काही भाग अधूनमधून दाखवतात, तिकीट काढताना विचारा.

मागच्या वेळी तुम्हाला नुसत्या विटा दिसल्या. या वेळी भोकं बघा. भिंतीत दोन प्रकारची आहेत. मोठी, चौकोनी, सरळ रांगेत आणि ठरावीक अंतरावर, ती परांचीची. बांधताना लाकडी दांडे त्यात घातलेले. बारीक, विखुरलेली भोकं संगमरवराच्या फरश्या धरणाऱ्या धातूच्या आकड्यांची. जिथे बारीक भोकं, तिथे एके काळी रंगीत संगमरवर होता. पुढे तो काढून नेला, बराचसा भट्टीत जाळून चुना केला, आकडेही उपसून नेले. आणि वीटही फक्त बाहेरची कातडी आहे. तुटलेल्या जागी आत बघा: चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे यांचं काँक्रीट. छतात मुद्दाम हलका, सच्छिद्र ज्वालामुखीय दगड घातला, वजन कमी व्हावं म्हणून.

दोन्ही बाजूंच्या व्यायामाच्या अंगणांत भिंतीला टेकवून ठेवलेले मोझेइकचे मोठे तुकडे दिसतील, समुद्री प्राण्यांची चित्रं असलेले. ते तिथल्या जमिनीचे नाहीत, वरच्या मजल्यावरून कोसळलेत. उघड्या तरणतलावाच्या काठाच्या दगडावर खेळाचे खळगे कोरलेले आहेत. आपल्याकडे लेण्यांच्या ओट्यांवर मंकाला या खेळाचे खळगे दिसतात तसेच. पाय पाण्यात सोडून कोणी तरी दोन डाव खेळलं. मुलीला सांगा आधी शोधायला, जागा तुम्ही दाखवू नका. २०२४ पासून आवारात पाण्याचा एक उथळ आरसा केलाय, त्यात भिंतींचं प्रतिबिंब पडतं. सावली फारशी नाही, टोप्या आणि पाणी घ्या. मेट्रोच्या बी मार्गावर चिर्को मासिमो स्थानकावर उतरून दहा-एक मिनिटं चालणं आहे. सोमवारी बहुधा बंद असतं. उन्हाळ्यात इथे ऑपेरा होतात, ती परंपरा १९३७ पासूनची. मंच उभारायच्या दिवसांत काही भाग झाकलेला असतो, तारखा बघून ठेवा.

काराकाल्ला बंद कशानं पडलं? आगीनं नाही, भूकंपानं नाही. ५३७ मध्ये गॉथ राजा व्हिटिजेसनं रोमला वेढा घातला आणि शहराला पाणी आणणारे जलसेतू तोडले. पाणी थांबलं आणि तीनशे वर्षं पेटत असलेल्या भट्ट्या विझल्या.

तिकिटांचं आणि पायांचं एवढंच. पोम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा आधी काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. नेपल्सहून चिर्कुमव्हेसुव्हियाना रेल्वेनं पोम्पेई स्कावी स्थानकावर उतरा. रस्ते मोठाल्या दगडांचे, मधे उंच पायऱ्या; वडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दारानं सुरू होणारी सपाट केलेली वाट धरा. सगळी स्नानगृहं एकाच दिवशी उघडी असतातच असं नाही. दारावरच्या फलकावर त्या दिवशीची यादी असते, ती वाचून मगच क्रम ठरवा आणि स्ताबियन उघडं असेल तर तेच आधी.

आणि परतीच्या दिवशी रोमच्या टर्मिनी स्थानकावर तास-दोन तास हातात ठेवा. टर्मिनी हे नावच थर्मी, म्हणजे स्नानगृहं, यावरून आलं. समोर सम्राट डायोक्लेशियनची स्नानगृहं आहेत, २९८ ते ३०६ मध्ये बांधलेली, काराकाल्लापेक्षाही मोठी. त्यांच्या मधल्या थंड दालनाचं १५६१ मध्ये मायकेलअँजेलोनं चर्च करायला घेतलं, तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. त्यानं रोमन छत तसंच ठेवलं. सांता मारिया देली अँजेली हे ते चर्च. काराकाल्लात तुम्ही जे छत मनानं चढवत होता ते इथे खरोखर डोक्यावर आहे, आठ लाल ग्रॅनाइटच्या अखंड स्तंभांवर. जमीन पुढे उंचावली, स्तंभांचे पाय तिच्यात गाडले गेलेत, म्हणजे मुळात दालन याहून उंच होतं. जमिनीवर १७०२ मधली पितळी मध्यान्हरेषा आहे. मे महिन्यात घड्याळात एक वाजून पाच-दहा मिनिटं होताना भिंतीतल्या भोकातून आलेला उन्हाचा गोल तुकडा ती रेषा ओलांडतो. एकला दहा कमी असताना आत जाऊन बाकावर बसा, आईवडिलांचे पायही तेवढे मोकळे होतील.